दोन वाजून बारा मिनिटांची नोंद

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक रुग्णालय होतं. खाटा नव्वद, आणि आसपासच्या चाळीस वाड्यांना आधार तेवढाच. त्या रुग्णालयात मोरेश्वर फणसे नावाचा एक गृहस्थ नोकरीला होता. तिथले सगळे संगणक आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा यांची देखभाल त्याच्याकडे होती.

मोरेश्वर मनाने चांगला होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाला दुखावलं नव्हतं. नाही म्हणणं त्याला जमतच नसे. त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका होता. बोळातून जाताना दहा माणसं त्याला हाक मारत, आणि त्याला ते फार आवडे.

तळमजल्यावर एका अरुंद खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटात एकसारखे दिसणारे दोन स्विच होते. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ते चपट्या पेटीसारखं यंत्र असतं, आणि त्याच्या तोंडाशी ओळीने खाचा असतात. प्रत्येक खाचेत एका विभागाची तार येते. या खाचांना पोर्ट म्हणतात. रक्ताच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरांपर्यंत पोचायचा तो या स्विचमधून. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके परिचारिकेसमोरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचे तेही यातूनच. आपल्या जागेवर बसून संगणकावरून एक हुकूम दिला, की हवा तो पोर्ट बंद करता येई, हवा तो चालू करता येई.

हे यंत्र बनवणाऱ्यांनी दोन सोयी करून ठेवल्या होत्या. एक म्हणजे अधिकाराच्या पातळ्या. पहिल्या पातळीवरच्या माणसाला नुसतं बघता येई. मधल्या पातळ्यांवरच्यांना नेमून दिलेलं तेवढंच काम करता येई. पंधराव्या पातळीवरच्या माणसाला मात्र सगळं करता येई. दुसरी सोय नोंदीची. कोणी, कोणत्या संगणकावरून, किती वाजता काय केलं, हे यंत्र ओळीने लिहून ठेवी. त्याला लॉग म्हणत.

मोरेश्वरने या दोन्ही सोयी बाजूला ठेवल्या होत्या.

त्याचं झालं असं. एकदा एक्स-रेच्या खोलीतलं यंत्र अडलं, तेव्हा मोरेश्वर गावाला गेला होता. तिथल्या माणसाचा फोन आला, आणि मोरेश्वरने त्याला पंधराव्या पातळीचा पासवर्ड सांगून टाकला. पुढे प्रयोगशाळेने मागितला. मग नाव नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाने मागितला. प्रिंटर दुरुस्त करायला बाहेरून येणाऱ्या माणसानेही मागितला. सगळ्यांचं नाव एकच, अ‍ॅडमिन, आणि सगळ्यांचा पासवर्डही एकच. आपली वेळेला अडचण होत नाही म्हणून लोक खूश होते, आणि लोक खूश म्हणून मोरेश्वर खूश होता. लॉग तर त्याने कधीच बंद करून टाकला होता. काम करताना मध्येच पडद्यावर ओळी येत राहायच्या आणि त्याचं लक्ष उडायचं.

त्याच्या विभागात आणखी एकच कर्मचारी होती, रेहाना मुजावर. वय पस्तिशीचं. आधी टेलिफोनच्या कचेरीत काम केलेली, मोजकं बोलणारी बाई. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने मोरेश्वरला सांगितलं, की प्रत्येकाला स्वतःचं वेगळं नाव द्या, आणि ज्याला जेवढी गरज तेवढीच पातळी द्या.

मोरेश्वर हसला. म्हणाला, "रेहानाबाई, ही घरची माणसं आहेत. त्यांच्यावर संशय कशाला घ्यायचा?"

"संशय नाही, साहेब," रेहाना म्हणाली. "उद्या काही झालं तर कोणी केलं नाही, हे तरी सांगता आलं पाहिजे."

मोरेश्वरला ते पटलं नाही. तिने मग दुसरी गोष्ट मागितली. स्विचच्या नोंदी निदान दुसऱ्या एखाद्या संगणकावर साठू द्याव्यात, कोणाच्या पडद्यावर काही येणार नाही अशा बेताने. मोरेश्वरला नाही म्हणता येत नसेच. भांडारात पडलेला एक जुना संगणक त्याने तिला दाखवला, हवं ते करा म्हणाला आणि ते विसरून गेला. रेहानाने तो संगणक पुसून घेतला, जोडला आणि भांडारातच एका फळीवर ठेवला. स्वतःसाठी तिने पहिल्या पातळीचं वेगळं नाव करून घेतलं. स्विचमध्ये नुसतं बघायचं असलं, की ती त्याच नावाने आत जाई.

असे तीन महिने गेले.

एका बुधवारी दुपारी रुग्णालयाच्या सभागृहात समारंभ होता. नव्या शस्त्रक्रिया कक्षाचं उद्घाटन, बाहेरगावचे पाहुणे, हार-तुरे. पण सभागृहातला मोठा पडदा काही केल्या लागेना. रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर निंबाळकर यांनी मोरेश्वरला निरोप पाठवला. पाहुणे जिना चढत होते. मोरेश्वर धावत आपल्या टेबलाशी गेला, काहीबाही खटपट केली, तेवढ्यात सभागृहातून फोन आला की पडदा लागला. कोणीतरी सैल झालेली तार दाबून बसवली होती. मोरेश्वर तसाच उठला, सभागृहात गेला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला. फोन त्याने बंद करून खिशात टाकला. भाषणं सुरू झाली होती.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागातला मोठा पडदा काळा पडला.

सिस्टर कुसुम गावित तिथे कामावर होत्या. त्यांनी रेहानाला फोन केला. त्या विभागात प्रत्येक खाटेशी वेगळं यंत्र होतं, पण त्याचा आवाज अगदी बारीक ठेवलेला असे, रुग्णांची झोपमोड होऊ नये म्हणून. सगळी भिस्त त्या मोठ्या पडद्यावर. आता सहा रुग्ण आणि दोन परिचारिका, आणि त्यातली एक परिचारिका नव्या रुग्णाला आणायला खाली गेलेली. कुसुम सिस्टर एका खाटेपासून दुसऱ्या खाटेकडे फिरत राहिल्या.

चौथ्या खाटेवर भिकोबा घडशी होते. वय साठ. देवळात आणि लग्नाघरी सनई वाजवणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. छातीत दुखतं म्हणून दोन दिवसांपूर्वी आले होते, आणि त्या सकाळी बायकोशी हसून बोलले होते. कुसुम सिस्टर पहिल्या खाटेपासून फिरून त्यांच्यापाशी आल्या, तेव्हा भिकोबांचे ओठ निळे पडले होते. त्यांचं हृदय थांबलं होतं. किती वेळापासून, ते सांगायला पडद्यावर काहीच नव्हतं.

सिस्टरनी छाती दाबायला सुरुवात केली. डॉक्टर धावले. समारंभातून लोक उठून पळाले. मोरेश्वरही पळाला. त्याने खाली जाऊन पहिला स्विच बंद करून पुन्हा चालू केला, कारण तसं केलं की सगळे पोर्ट आपोआप उघडत, आणि तीन मिनिटांत पडदा उजळला. भिकोबांचं हृदय परत चालू झालं होतं, पण शुद्ध आली नव्हती.

दोन दिवसांनी चौकशी बसली. टेबलापलीकडे तिघं होते. त्यांनी मोरेश्वरला विचारलं, की त्या पडद्याचा पोर्ट आपोआप बंद पडला, की कोणी केला. मोरेश्वर म्हणाला, यंत्र धड आहे, कोणीतरीच केला असणार. मग त्यांनी विचारलं, असा पोर्ट बंद करायचा अधिकार किती जणांना आहे.

मोरेश्वरने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की आपल्याला उत्तर माहीत नाही. पासवर्ड त्याने ज्यांना सांगितला होता ती नावं त्याला आठवली, दहा-बारा असतील. पण त्या दहा-बारांनी पुढे कोणाला सांगितला?

"सांगता येणार नाही," तो म्हणाला.

टेबलापलीकडच्या एका सभासदाने हातातलं पेन खाली ठेवलं. अतिदक्षता विभागातल्या सहा माणसांचे जीव कोणाकोणाच्या हातात आहेत, हे त्या इमारतीत एकालाही माहीत नव्हतं.

पण चौकशीला कोणीतरी हवं असतं. बोळातल्या कॅमेऱ्यात दिसत होतं, की अडीचच्या सुमारास रेहाना स्विचच्या खोलीत शिरली होती. रेहानाने सांगितलं, की सिस्टरचा फोन आला म्हणून मी दोष शोधायला गेले, पोर्ट आधीच बंद होता, कोणी मुद्दाम केला असेल म्हणून न विचारता उघडला नाही, फणसे साहेबांना तीन वेळा फोन लावला, तो लागला नाही. तिचं म्हणणं लिहून घेतलं गेलं. त्यावर विश्वास कोणी ठेवला नाही. पंधराव्या पातळीचा पासवर्ड तिला माहीत होता, आणि त्या वेळी त्या खोलीत ती एकटीच होती. चौकशी पुरी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगण्यात आलं.

जाताना ती मोरेश्वरच्या टेबलाशी थांबली. म्हणाली, "भांडारातल्या त्या संगणकात सगळ्या नोंदी असतील, साहेब. मला आता तिथे जाऊ देणार नाहीत. तुम्ही बघा."

मोरेश्वर बरं म्हणाला. आणि बघितलं नाही.

घाबरून टाळलं असंही नव्हतं. त्याला गरजच वाटली नाही. रेहानाच्या हातून चूक झाली, माणसाकडून चुका होतात, असं त्याच्या मनाने धरलं होतं. कोणी विषय काढला, तर तो उलट तिची बाजू घेई. कामात हुशार आहे हो, घाईत झालं असेल, असं म्हणे. लोकांना वाटे, केवढं मोठं मन आहे या माणसाचं.

नवव्या दिवशी भिकोबांच्या नाकातोंडातल्या नळ्या निघाल्या. मोरेश्वर त्याच वेळी त्या विभागात एक तार बदलत होता. भिकोबांची बायको सगुणाबाई खाटेशी बसली होती. तिने फडक्यातून सनई काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. वाजवायला नव्हे, नुसती धरायला. भिकोबांनी सनईकडे बघितलं. डाव्या हाताची बोटं भोकांवर आपापल्या जागी बसली. उजव्या हाताची बोटं हललीच नाहीत. ते बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे बघितलं, जणू ती बोटं दुसऱ्याच कोणाची आहेत आणि तिनेच चुकून इथे आणून ठेवली आहेत. त्यांना काही बोलायचं होतं, पण जीभही नीट वळत नव्हती.

सगुणाबाईने सनई हळूच काढून घेतली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळली.

मोरेश्वरने हातातली तार खाली ठेवली. त्याला आयुष्यात क्वचित राग येई, तो त्या क्षणी आला. हे त्या बाईने केलं, असं त्याला वाटलं. वर खोटंही बोलली. तिची बाजू घेत होतो, ते चुकलं. आता पुरावा काढायचा आणि चौकशीपुढे ठेवायचा. तिनेच सांगितलेला संगणक तिलाच उघडं पाडेल.

तो तडक भांडारात गेला. सकाळचे अकरा वाजले होते. सलाइनच्या खोक्यांच्या मागे, फळीवर तो जुना संगणक चालू होता. मोरेश्वरने एक खोकं ओढलं, त्यावर बसला आणि नोंदी उघडल्या.

तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. बुधवारची दुपार शोधता शोधता त्याची नजर आधीच्या ओळींवर पडत गेली, आणि तो थांबला. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. पाच-दहा नव्हे, शेकडो ओळी. प्रत्येक ओळीत पुढे संगणकाचा क्रमांक. हे क्रमांक मोरेश्वरने स्वतःच वाटले होते, ते त्याला पाठ होते. एक्स-रेची खोली. प्रयोगशाळा. नोंदणीची खिडकी. इथपर्यंत ठीक. पण हा क्रमांक उपाहारगृहातल्या संगणकाचा होता. हा पाहुण्यांच्या खोलीतला. कोणीतरी एका रविवारी, बहुधा क्रिकेटचा सामना नीट दिसावा म्हणून, औषध भांडाराचा पोर्ट पाच तास बंद ठेवला होता. कोणीतरी रक्तपेढीचा पोर्ट बंद करून, घाबरून, दोन मिनिटांत चालू केला होता. मोरेश्वरने मोजायला सुरुवात केली. एकतीस वेगवेगळ्या संगणकांवरून माणसं पंधराव्या पातळीने आत शिरून गेली होती.

एवढे दिवस हे रुग्णालय केवळ नशिबाने चालू होतं.

मग बुधवार आला. त्याने रेहानाचं नाव शोधलं. ते लगेच सापडलं. दोन वाजून तेहतीस मिनिटं, रेहाना, पातळी पहिली, पोर्टची यादी पाहिली. दोन वाजून पस्तीस, रेहाना, पातळी पहिली, पोर्ट चौदा पाहिला. पुढे काही नाही. तिने काहीच बदललं नव्हतं. पहिल्या पातळीच्या नावाने तिला काही बदलता येणारच नव्हतं. ती आत गेली तेव्हा पोर्ट आधीच बंद होता.

मोरेश्वरने वरच्या ओळी बघितल्या.

दोन वाजून बारा मिनिटं. अ‍ॅडमिन. पोर्ट चौदा बंद केला. आणि पुढे संगणकाचा क्रमांक.

तो क्रमांक त्याने वाचला. पुन्हा वाचला. तो कोणाचा, हे त्याला आठवेना. बाकीचे एकतीस पाठ होते, आणि हाच आठवत नव्हता. मग त्याला एकदम कळलं, की हा क्रमांक आपण कधी आठवून बघितलेलाच नाही, कारण त्याची कधी गरजच पडली नाही. तो त्याचा स्वतःचा होता.

पाहुणे जिना चढत होते. सभागृहाचा पडदा लागत नव्हता. सभागृहाची तार दुसऱ्या स्विचच्या चौदाव्या पोर्टमध्ये होती. तो पोर्ट एकदा बंद करून चालू करावा, म्हणजे पडदा लागेल, असा त्याचा विचार होता. घाईत त्याने पहिला स्विच उघडला. दोन्ही सारखेच दिसत. चौदा बंद केला. तेवढ्यात फोन आला की पडदा लागला, आणि तो उठून गेला. चालू करायचा राहिला. पहिल्या स्विचच्या चौदाव्या पोर्टमध्ये अतिदक्षता विभागाची तार होती.

आणि रेहाना फोन करत होती तेव्हा तो शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मोरेश्वर खोक्यावर बसून राहिला. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. त्याला ऐकू आलं, पण ते कुठे चाललंय हे कळलं नाही. किती वेळ गेला, कोण जाणे. भानावर आला तेव्हा पडद्यावर त्याला एक हुकूम टंकलेला दिसला. बुधवारच्या सगळ्या नोंदी पुसण्याचा. फक्त एक कळ दाबायची राहिली होती, आणि त्याचं बोट त्या कळीवर होतं.

त्याने तसं करायचं ठरवलं नव्हतं. हात आपले आपण चालले होते. स्विचमध्ये नोंद राहतच नव्हती, तिथला लॉग त्यानेच कधीचा बंद केला होता. उरलेली प्रत ही एवढीच. ती पुसली, की दोन वाजून बारा मिनिटांची ओळ जाणार होती, आणि तेहतीस मिनिटांचीही. तो मोकळा झाला असता आणि रेहाना कायमची दोषी ठरली असती. कोणाला कळलं नसतं. पुसायचा अधिकार त्याला होता. त्याला सगळेच अधिकार होते.

आपल्या क्रमांकाचा बसला त्याहून मोठा धक्का त्याला आता बसला. कोणाला दुखवत नाही म्हणून नावाजलेल्या माणसाचं हे बोट होतं.

त्याने बोट उचललं. हुकुमाचं एकेक अक्षर मागे पुसत नेलं. पण तेवढ्याने त्याला धीर वाटेना. आत्ता उचललेलं बोट तासाभराने पुन्हा तिथे जाणार नाही, याची खात्री त्याला स्वतःबद्दल देता येत नव्हती. म्हणून त्याने तिथे बसूनच त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींची प्रत काढली आणि रेहानाला पाठवून दिली. सोबत दोन वाक्यं लिहिली. चौदा नंबर मी बंद केला होता. तुम्ही फक्त बघितलं होतं.

मग त्याच नोंदी कागदावर छापून तो प्रमुख डॉक्टरांकडे गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टर निंबाळकरांनी कागद दोनदा वाचला. उठून दार लावलं. खुर्चीत परत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फणसे, ही ओळ आणखी कोणी पाहिली आहे?"

"रेहानाबाईंनी. त्यांना पाठवली, मग तुमच्याकडे आलो."

"आधी मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं, तर मी तुमचं ऐकलं असतं," मोरेश्वर म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुन्हा हातात घेतला. त्या वाईट बाई नव्हत्या. रुग्णालयाचं नाव जाईल, माणसं यायची थांबतील, अशी भीती त्यांच्या मनात आली होती. पण आपण आत्ता काय विचारलं, हे त्यांच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी चौकशीच्या सभासदांना बोलावून घेतलं.

दुपारी रेहानाचा फोन आला. मोरेश्वरला वाटलं, ती चिडेल, आणि तो ऐकून घ्यायच्या तयारीत होता. ती चिडली नाही. म्हणाली, "नऊ दिवस मी आठवून आठवून बघत होते, साहेब. माझ्याच हातून काही झालं का. काल तर मला वाटायला लागलं होतं, की हो, झालं असेल."

मोरेश्वरने फोन ठेवला. तो बोळातल्या बाकावर बसला. एका बाईकडून तिचा स्वतःवरचा भरवसाही आपण काढून घेतला होता, आणि तोही तिची बाजू घेत घेत.

मोरेश्वरला सहा महिने घरी बसवण्यात आलं आणि विभाग सांभाळण्याची त्याची जागा गेली. रेहानाला मानाने परत बोलावलं. तिने यायच्या आधी अटी घातल्या. प्रत्येकाचं नाव वेगळं हवं. पातळी गरजेपुरती हवी. स्विचवर तो कशाचा आहे ते लिहिलेलं हवं. आणि नोंदी अशा ठिकाणी साठतील, की त्या पुसायचा अधिकार तिला स्वतःलाही नसेल. शेवटची अट ऐकून सगळे चकित झाले. जिच्यावर आळ आला होता, ती स्वतःलाही सोडायला तयार नव्हती. जुना पासवर्ड बदलला त्या दिवशी तेहतीस माणसं तिच्या दाराशी आली, की आमचं चालत नाही. त्यातल्या चौघांना पासवर्ड असण्याचं खरं कारण होतं.

पण मोरेश्वरचं एक काम राहिलं होतं. ते चौकशीने सांगितलं नव्हतं.

भिकोबा घरी गेल्यावर आठवड्याने तो त्यांच्या वाडीवर गेला. सगुणाबाईने त्याला ओळखलं, तार बदलणारा माणूस म्हणून. तिने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. भिकोबा भिंतीला टेकून बसले होते. मोरेश्वरने पाणी घेतलं नाही. त्याने आधी सांगितलं, की तो पडदा माझ्या हातून बंद पडला होता. मग घाई, पाहुणे, दोन सारखी यंत्रं, हे सगळं सांगायला लागला, आणि मध्येच थांबला. त्या घरात ते फार लहान वाटत होतं.

भिकोबांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही आणि मायेनेही नाही. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मोरेश्वर वाट बघत राहिला. शिवी आली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी सगुणाबाईच बोलली.

"त्यांना ऐकू आलंय. आता जा तुम्ही."

मोरेश्वर उठला. दारात त्याने चपला घातल्या आणि वाडीचा उतार उतरू लागला. मागून दार लावल्याचा आवाज आला.

तात्पर्य: सगळं बदलण्याचा अधिकार सगळ्यांना दिला, की झालेल्या घाताला धनी उरत नाही आणि दोष निर्दोष माणसाच्या माथी जातो. म्हणून ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार द्यावा, आणि केलेल्या कामाची नोंद अशी ठेवावी की ती सर्वांत वरच्या माणसालाही पुसता येऊ नये.